औषध लिहून देणारी नर्स

नर्सिंग केलं तर मुलगी जन्मभर डॉक्टरांच्या हाताखालीच राहील, ही भीती आईवडील आजही बोलून दाखवतात. ज्यांची मुलं पुढे ब्रिटनला जायचं म्हणतात, त्यांनी तिथली एक वाट जरूर समजून घ्यावी. तिथे ठरावीक शिक्षण घेतलेली नर्स स्वतःच्या सहीने औषध लिहून देते. 1992च्या कायद्याने सुरुवात झाली तेव्हा औषधांची यादी तोकडी होती; 2006पासून जवळपास सगळी औषधं तिच्यासाठी खुली झाली.

पण हा अधिकार पदवीबरोबर मिळत नाही. आधी तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग किमान वर्षभराचा अनुभव, मग विद्यापीठाचा स्वतंत्र अभ्यासक्रम. त्यात औषधशास्त्राला किमान 80 टक्के लागतात आणि डोसच्या गणितात पूर्ण 100. एक दशांशचिन्ह चुकलं तर डोस दहापट होतो. ही अट मला अगदी योग्य वाटते.

खरं शिक्षण मात्र डॉक्टरांच्या शेजारी बसून होतं. नर्स पेशंटला तपासते, काय लिहायचं ते ठरवते, आणि मग डॉक्टर विचारतात: हेच औषध का? मूत्रपिंडं कमजोर असतील तर डोस किती? आधीच्या गोळ्यांशी याचं जमेल का? काही वेळा औषध न देणं हेच बरोबर उत्तर असतं. या काळात प्रिस्क्रिप्शनवर तिची सही चालत नाही. पूर्वी देखरेखीला डॉक्टरच लागत. आता अनुभवी प्रिस्क्रायबर नर्स किंवा फार्मासिस्टही चालतात. तरी निदानातली गुंतागुंत डॉक्टरांकडून शिकायला मिळाली तर ती संधी सोडू नये.

असा देखरेख करणारा मिळाला नाही, तर अभ्यासक्रमाला प्रवेशच मिळत नाही. म्हणून तिथे नोकरीच्या इंटरव्ह्यूत पगाराइतकंच हेही विचारा: पुढे प्रिस्क्रायबिंग शिकायचं झालं तर देखरेख कोण करेल आणि त्यासाठी ड्यूटीतून वेळ मिळेल का?

भारतातल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या पदवीवर तिथे थेट हा अधिकार मिळत नाही, त्यामुळे "परदेशात लगेच डॉक्टरांसारखं काम" अशी जाहिरात करणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. तयारी मात्र इथेच सुरू करा: फार्माकॉलॉजीचा पेपर फक्त पास होण्यापुरता वाचू नका, आणि वॉर्डात प्रत्येक औषध देण्याआधी ते का लिहिलंय हे सीनियर सिस्टरला किंवा डॉक्टरांना विचारायची सवय पहिल्या वर्षापासून लावा.