चित्रपट अभ्यास : 'टार्गेट नंबर वन' – गुन्हा कुणाचा, सापळा कुणाचा?



'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी चित्रपटाच्या सुरुवातीला दिसली की आपण पुढचं सगळं खरं मानून मोकळे होतो. आजचा चित्रपट बघताना मात्र एक प्रश्न सतत जवळ ठेवा. एखाद्याच्या हातून गुन्हा घडला, हे खरं आहे. पण तो त्याच्याकडून घडवून घेतला असेल तर? (चित्रपटात व्यसनाची आणि तुरुंगातली दृश्यं आहेत, त्यामुळे तो अकरावीच्या पुढच्या मुलांनीच पाहावा.)

चित्रपटाची ओळख

डॅनियल रॉबी या दिग्दर्शकाचा हा कॅनडातला चित्रपट २०२० साली आला. अमेरिकेत तो 'मोस्ट वाँटेड' या नावाने प्रदर्शित झाला. जोश हार्टनेट याने व्हिक्टर मालारेक या पत्रकाराची आणि अँटोनी ऑलिव्हिए पिलाँ याने डॅनियल लेजे या तरुणाची भूमिका केली आहे. मालारेक हे खरेखुरे शोधपत्रकार, 'ग्लोब अँड मेल' या दैनिकात काम केलेले. डॅनियल हे पात्र मात्र नाव बदलून उभं केलं आहे. त्याच्यामागची खरी व्यक्ती म्हणजे क्वेबेक प्रांतातले आलें ऑलिव्हिए.

कथानक थोडक्यात

डॅनियल हा हेरॉइनच्या व्यसनात अडकलेला, खिशात पैसा नसलेला तरुण. पिकर नावाचा माणूस त्याला हाताशी धरतो. हा पिकर पोलिसांचा खबऱ्या. डॅनियल मोठा तस्कर आहे, असं तो पोलिसांच्या गळी उतरवतो. पोलिसांनाही एखादी मोठी कामगिरी हवीच असते. मग वेषांतर केलेले पोलीस खरेदीदार बनून येतात आणि डॅनियलला माल मिळवण्यासाठी थायलंडला नेतात. तिथे कारवाई फसते, एक कॅनेडियन पोलीस मरण पावतो आणि डॅनियल पकडला जातो. शिक्षा होते १०० वर्षांची!

इकडे कॅनडात मालारेक अधिकृत माहिती वाचतो, पण त्याला हिशोब जुळत नाही. पत्रकाराचा शोध आणि डॅनियलची फरफट असे दोन धागे चित्रपटात आलटून पालटून येतात. दोन्हींचा काळ एकच नाही, हे प्रेक्षकाला हळूहळू कळतं. म्हणून पहिला अर्धा तास नीट लक्ष देऊन बघा.

मूळ घटना

फेब्रुवारी १९८९ मध्ये थायलंडमधल्या चिआंग माई इथे ही कारवाई झाली. कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाचा एक जवान त्यात खरोखरच मरण पावला. ऑलिव्हिए यांनी थायलंडच्या तुरुंगात आठ वर्षं काढली आणि त्यानंतर त्यांना कॅनडात परत आणलं गेलं.

आता इथे थोडं थांबूया. ऑलिव्हिए पूर्ण निर्दोष होते का? नाही. व्यसन होतं, व्यवहारात ते होते. चित्रपटही डॅनियलला संत करत नाही, आणि मला ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. साध्याभोळ्या माणसावर अन्याय झाला की आपल्याला लगेच कळवळा येतो. पण ज्याचं वागणं आपल्याला पटत नाही, त्यालाही न्याय मिळाला पाहिजे असं म्हणायला मन मोठं लागतं. न्यायाची खरी कसोटी तिथेच लागते.

कायदा काय सांगतो?

पोलिसांनी सापळा लावणं चूक नाही. लाचखोर पकडायला आपल्याकडेही सापळा लावतात. मग मर्यादा कुठे? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅक खटल्यात हीच मर्यादा आखून दिली. सबळ संशय नसताना पोलिसांनी एखाद्याला गुन्ह्याची संधी देऊ नये, आणि संशय असला तरी नुसती संधी देण्यापलीकडे जाऊन त्याला गुन्ह्यात ढकलू नये. तसं झालं तर न्यायालय तो खटलाच थांबवू शकतं.

या निकालाची तारीख बघा : डिसेंबर १९८८. म्हणजे चिआंग माईच्या अटकेच्या जेमतेम दोन महिने आधी! पण अटक झाली थायलंडमध्ये आणि खटलाही तिथल्याच कायद्याने चालला. सापळा कॅनडाचा, शिक्षा थायलंडची. मायदेशात जो बचाव मांडता आला असता, तो परदेशात हाताशी राहिला नाही. या प्रकरणाची खरी मेख इथे आहे.

पत्रकाराचं काम

मालारेक यांचं लहानपण काही काळ मॉन्ट्रियलमधल्या मुलांच्या संस्थेत गेलं. 'वाया गेलेली पोरं' असा शिक्का कसा बसतो, हे त्यांना ठाऊक होतं. चित्रपटातला मालारेकही तापट आहे, घराकडे त्याचं लक्ष कमी आहे, वरिष्ठांशी त्याचे खटके उडतात. पण तो साधे प्रश्न सोडत नाही. माल घ्यायला पैसा कुणाचा? विमानाचं तिकीट कुणाचं? खबऱ्याला काय मिळालं? पोलिसांनी दिलेली माहिती ही बातमीची सुरुवात असते, शेवट नव्हे, एवढा धडा घेतला तरी पुष्कळ झालं.

हेही माहीत असू द्या

परदेशात अटक झाल्यास आपल्या देशाच्या वकिलातीला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ ने दिला आहे. भारतही या करारात सहभागी आहे. शिक्षण किंवा नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. आणि दुसऱ्याने दिलेलं पाकीट न उघडता बॅगेत टाकू नये, हेही!

शब्दार्थ

खबऱ्या – पोलिसांना गुप्त माहिती पुरवणारा
तस्कर – बंदी असलेल्या मालाची चोरटी ने-आण करणारा
वकिलात – परदेशातलं आपल्या सरकारचं कार्यालय
मेख – अडचणीचं मूळ, खरी गोम

स्वाध्याय

१. 'संधी देणे' आणि 'गुन्ह्यात ढकलणे' यांतला फरक स्वतःचं उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. डॅनियल, पिकर आणि पोलीस अधिकारी यांची जबाबदारी तुमच्या मते किती? कारणे द्या.
३. आजच्या वर्तमानपत्रातली अटकेची एक बातमी घ्या. त्यात फक्त पोलिसांचं म्हणणं आहे की दुसरी बाजूही आहे? तुम्ही वार्ताहर असता तर कोणते तीन प्रश्न विचारले असते?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घाईने लिहू नका. बातमी दोनदा वाचा, मगच वही उघडा.