घर्षणाने जुळणारे भिन्न धातू

स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने वेल्डिंगवर लिहावे, याचे नवल वाटेल. परंतु आमच्या वसतिगृहातून मुले आयटीआयला जातात आणि ‘वेल्डिंग म्हणजे वितळवणे’ एवढेच मनात धरून जातात.

मिरकरवाडा बंदरात नौकेचे डिझेल इंजिन उघडलेले दिसल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्हला लोहचुंबक लावून पाहावा. पुष्कळदा तो दांड्याला चिकटतो, डोक्याला नाही. डोके प्रखर उष्णता सोसणाऱ्या पोलादाचे, दांडा झीज सोसणाऱ्या दुसऱ्याच पोलादाचा. हा जोड तुटला तर डोके पिस्टनवर पडते आणि भर समुद्रात इंजिन बंद होते.

असा जोड घर्षणाने साधतात. एक तुकडा वेगाने फिरवून दुसरा त्यावर दाबतात. टोके मऊ होतात, वितळत नाहीत. मग फिरणे थांबवून दाब वाढवला की पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर कडेने बाहेर पडतो आणि आतील स्वच्छ धातू सांधतात. सोव्हिएत कामगार चुडिकोव यांनी 1956 च्या सुमारास ही रीत पुढे आणली. एका कामगाराचे हे नाव आम्हांस विशेष वाटते.

अॅल्युमिनियम आणि लोखंड यांचे प्रकरण अवघड आहे. पहिले 660 अंशांना वितळते, दुसरे 1538 ला. दोन्ही वितळवून मिसळल्यास काचेसारखी ठिसूळ संयुगे बनतात. घर्षणातही त्यांचा पातळ थर येतोच. म्हणून वेळ थोडा ठेवावा लागतो. शिवाय आपल्या खाऱ्या हवेत अशा जोडातील अॅल्युमिनियम आधी झिजते. तेथे रंगाचा लेप चुकवू नये.