पेट्रोलवरील कर आणि नागरिकाचा हिशेब

इंधनाच्या दरवाढीचा प्रश्न आपल्या सार्वजनिक जीवनात ऋतुचक्राप्रमाणे पुनःपुन्हा येतो. दर वाढले की मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, विधिमंडळात गदारोळ होतो. दर दोन-चार रुपयांनी उतरले की सारे शांत होते. पुढच्या दरवाढीला तीच भाषणे, फार तर वक्ते बदलून, पुन्हा ऐकू येतात. जनतेचा संताप खोटा आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु इतक्या वर्षांच्या संतापातून स्थायी स्वरूपाचे फारसे काही का निष्पन्न झाले नाही, हा अर्थशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारण्याजोगा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्या परिसरात विशेष जिव्हाळ्याचा आहे. मुळशी तालुक्यातील मारुंजी हे हिंजवडीच्या शेजारचे, ग्रामपंचायतीचे गाव म्हणून वाढलेले. एका बाजूला संगणक उद्योगाची वसाहत आणि दुसऱ्या बाजूला पिंपरी, भोसरी, चाकणचा कारखान्यांचा पट्टा, अशा मधल्या जागी येथील माणूस राहतो. नोकरी एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला असल्यामुळे दुचाकी ही येथे चैनीची वस्तू राहिलेली नाही. ती पोटापाण्याचे साधन झाली आहे. म्हणून पेट्रोलवरील कर म्हणजे आपल्याकडे कामावर जाण्यावरचाच कर होय.

एका लिटराची फोड

प्रथम एका लिटराचा हिशेब मांडू. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने पेट्रोल आणि डिझेल यांवरील उत्पादन शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढविले. पंपावरील दर त्या वेळी वाढला नाही, कारण तो भार तेल कंपन्यांनी सोसावा असे ठरले. या वाढीनंतर पेट्रोलवरील केंद्राचे एकूण शुल्क लिटरला २१ रुपये ९० पैसे झाले. महाराष्ट्र राज्याचा मूल्यवर्धित कर, म्हणजे ज्याला आपण व्हॅट म्हणतो, तो २५ टक्के आणि त्याशिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे असा होता.

सोयीसाठी पंपावरचा दर १०४ रुपये धरू. पुण्यात तो त्या सुमारास जवळपास तेवढाच होता. या रकमेतून राज्याचा कर वजा करीत मागे गेलो, तर राज्याच्या वाट्याला सुमारे २४ रुपये ९० पैसे येतात. त्यात केंद्राचे शुल्क मिळविले की लिटरमागे एकूण कर ४६ रुपये ८० पैसे होतो, म्हणजे किमतीच्या सुमारे ४५ टक्के. मारुंजीतून चाकणला दुचाकीने जाणाऱ्या कामगाराला रोज एक लिटर पेट्रोल लागते आणि महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे आहेत असे मानले, तर तो महिन्याला ११७० रुपये आणि वर्षाला १४ हजारांहून अधिक कर भरतो. आयकर भरण्याइतके ज्याचे उत्पन्न नाही, असा माणूसही हा कर चुकवू शकत नाही. शिवाय कारखान्याचा व्यवस्थापक आणि त्याच कारखान्यातील कंत्राटी कामगार यांना लिटरमागे कर मात्र सारखाच. अप्रत्यक्ष करांविषयी पाठ्यपुस्तकात जो आक्षेप आपण वाचतो, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

येथे आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा. राज्याचा कर टक्केवारीने लागतो आणि तो केंद्राचे शुल्क मिळवलेल्या किमतीवर लागतो. म्हणजे केंद्राच्या २१ रुपये ९० पैशांवरही राज्य चौथा हिस्सा, सुमारे साडेपाच रुपये, घेते. करावर कर म्हणतात तो हाच.

दोन सरकारे, एक खिसा

या रचनेमुळे जबाबदारी कोणाची, हे ठरविणे अवघड होते. २०२२ चा मे महिना हे याचे बोलके उदाहरण आहे. केंद्राने पेट्रोलवरील शुल्क ८ रुपयांनी आणि डिझेलवरील ६ रुपयांनी कमी केले. लगोलग महाराष्ट्र शासनाने पेट्रोलवर २ रुपये ८ पैसे आणि डिझेलवर १ रुपया ४४ पैसे इतकी कपात जाहीर केली. मुंबईत तेव्हा राज्याच्या कराचा दर पेट्रोलला २६ टक्के आणि डिझेलला २४ टक्के होता. वाचकांनी स्वतः गुणाकार करून पाहावा: ८ रुपयांचे २६ टक्के म्हणजे २ रुपये ८ पैसे आणि ६ रुपयांचे २४ टक्के म्हणजे १ रुपया ४४ पैसे. केंद्राचे शुल्क उतरल्यावर टक्केवारीच्या नियमाने जी रक्कम आपोआप कमी व्हावयाची, नेमकी तीच रक्कम कपात म्हणून जाहीर झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये, राज्यात सत्तांतर झाल्यानंतर, पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपयांची खरी कपात झाली.

केंद्राच्या बाजूलाही असाच एक पडदा आहे. राज्यघटनेच्या २७० व्या अनुच्छेदानुसार केंद्राने गोळा केलेल्या करांचा वाटा राज्यांना मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने तो ४१ टक्के ठरविला. परंतु उपकर आणि अधिभार या वाटणीतून वगळलेले आहेत. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवर केंद्राचे ३२ रुपये ९० पैसे शुल्क होते. त्यातील मूळ, वाटणीयोग्य शुल्क होते अवघे १ रुपया ४० पैसे. उरलेले विशेष शुल्क, रस्ते उपकर आणि कृषी उपकर या नावांनी जमा होत होते. म्हणजे जवळपास ३३ रुपयांतून सर्व राज्यांना मिळून वाटणीत ५७ पैसे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आला, पण पेट्रोल-डिझेल त्याबाहेर राहिले. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौला भरलेल्या परिषदेच्या बैठकीतही त्यांना आत घेण्याची वेळ आलेली नाही, असेच ठरले. भांडणाऱ्या दोन्ही सरकारांचे या एका बाबतीत मात्र एकमत असते.

नाव एक, काम दुसरे

नागरिकाच्या रागाचे मूळ केवळ कराच्या मोठेपणात नाही. कराला दिलेले नाव आणि त्याचा प्रत्यक्ष उपयोग यांची फारकत झाली की विश्वास उडतो. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर २०१५ पासून दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढविण्यात आले. दुष्काळग्रस्तांसाठी दोन रुपये देण्यास कोणाची हरकत असावी? पण पुढच्या वर्षी पाऊस झाला, तरी भार उतरला नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे महामार्गांलगतची मद्यविक्री बंद झाली आणि राज्याचे उत्पन्न बुडाले, तेव्हा पेट्रोलवरील अधिभार ३ रुपयांनी वाढविण्यात आला. मे महिन्यात आणखी २ रुपये चढून तो लिटरला ११ रुपयांवर गेला. दारूच्या दुकानांमुळे बुडालेली रक्कम कामावर जाणाऱ्याच्या टाकीतून भरून काढण्यात आली.

केंद्राविषयी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीच नोंद केली आहे. २०१८-१९ मध्ये ३५ उपकर व तत्सम आकारण्यांतून सुमारे २ लाख ७५ हजार कोटी रुपये जमले. त्यांतील सुमारे १ लाख ६४ हजार कोटीच नेमून दिलेल्या निधींत व मंडळांकडे गेले. बाकीची रक्कम सर्वसाधारण तिजोरीत राहिली. पैसा कोणी पळविला असा याचा अर्थ नाही. ज्या नावाने घेतला त्या कामाला लागला की नाही, हे मात्र सांगता येत नाही, एवढा अर्थ निश्चित आहे.

शासनाची बाजू

न्यायबुद्धीने पाहावयाचे तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये भारत खरेदी करीत असलेल्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला सुमारे २० डॉलर इतका खाली आला. त्याचा लाभ ग्राहकाला न देता केंद्राने मे महिन्यात पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढविले. पेट्रोल-डिझेलवरील शुल्काचे केंद्राचे उत्पन्न २०१९-२० मध्ये १ लाख ७८ हजार कोटी होते, ते २०२०-२१ मध्ये ३ लाख ३५ हजार कोटी झाले. परंतु तो महामारीचा काळ होता. इतर उत्पन्न आटले होते आणि सुमारे ८० कोटी लोकांना मोफत धान्य द्यावयाचे होते.

राज्याचेही तसेच. २८ जून २०२४ रोजी राज्याच्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील इंधनावरील कर इतर महाराष्ट्राइतका करण्यात आला. त्यात सुमारे २०० कोटींचा तोटा सांगितला गेला. त्याच भाषणात महिलांना दरमहा १५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि तिच्यासाठी वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद सांगितली गेली. कर कमी हवा आणि योजनाही हव्यात, असे आपण एकाच दमात म्हणतो, तेव्हा हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहणे आपलेही कर्तव्य आहे.

हिशेबाची जुनी परंपरा

इंधनावर कर घेऊन त्याचे काम ठरवून देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही; तिचा धागा पुण्याशीच जुळतो. १९२७ मध्ये रस्ते विकासाचा विचार करण्यासाठी बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रस्त्यांचा खर्च प्रांत आणि स्थानिक संस्था यांच्या आवाक्याबाहेर गेला आहे. म्हणून मोटारवाल्यांकडून पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो वेगळ्या निधीत ठेवून रस्त्यांवरच खर्च करावा, असा समितीचा आशय होता. त्यातून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. निधीचा बहुतांश भाग प्रांतांना त्यांच्याकडील पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात मिळत असे. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाच्या ज्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे, तेथे बसून आपण अभ्यास करतो; पण आपल्या टाकीतील प्रत्येक लिटराशीही त्यांचा संबंध आहे, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण व्यवसाय कराचे. १९७५ मध्ये महाराष्ट्रात नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर हा कर बसविण्यात आला, तो वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेसाठी. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने त्यासाठी स्वतंत्र निधी ठेवला. शहरातील पगारदाराने दिलेला पैसा खेड्यातील मजुराच्या हाताला काम देतो, हे कायद्यात लिहिलेले होते. कर देणाऱ्याला आपण कोणासाठी देतो हे सांगता येत होते.

आंदोलनांनी काय मागावे?

१९७३ मध्ये इंधन महागले, तेव्हा विरोधी पक्षात असलेले अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. जुलै २०२१ मध्ये मुंबईत काँग्रेस पक्षाने बैलगाडीचा मोर्चा काढला आणि कार्यकर्त्यांच्या भाराने गाडीच मोडली. मधल्या १० सप्टेंबर २०१८ च्या भारत बंदमध्येही मागणी दर कमी करण्याचीच होती. बैलगाडी तीच, गाडीवान तेवढे बदलले. सत्तेबाहेर असताना जो कर अन्यायाचा वाटतो, तो सत्तेत आल्यावर अपरिहार्य वाटू लागतो.

याउलट १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचे काम आठवावे. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने हजारो स्त्रिया लाटणी घेऊन, थाळ्या वाजवीत रस्त्यावर आल्या. पक्ष वेगवेगळे असूनही त्या एकत्र होत्या, आणि त्यांची तक्रार केवळ महागाई वाईट एवढीच नव्हती. धान्य, तेल, रॉकेल शिधावाटपाच्या दुकानात का नाही आणि साठा कोणाकडे आहे, अशी नेमकी विचारणा त्यांनी केली. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटे घालून लोक इंधनकराविरुद्ध उतरले. डिसेंबरमध्ये सरकारने नियोजित करवाढ मागे घेतली, तरी ते थांबले नाहीत. धोरण ठरविताना आम्हांला विचारा, ही त्यांची मागणी पुढे राहिली.

लेखाचा निष्कर्ष असा की, दर कमी करा ही मागणी सरकारला सोयीची असते, कारण दोन रुपये उतरवून ती संपविता येते. हिशेब द्या, ही मागणी अशी संपत नाही. तिचे तीन भाग करता येतील. पहिला, पंपावरील पावतीवर केंद्राचा व राज्याचा कर वेगवेगळा छापावा. दुसरा, एखाद्या कारणासाठी लावलेल्या उपकराला मुदत असावी आणि मुदत संपताच तो विधिमंडळापुढे पुन्हा मांडल्याशिवाय चालू राहू नये. तिसरा, प्रत्येक जिल्ह्यात रस्त्यांच्या नावाने आलेला पैसा कोणत्या रस्त्यावर लागला, याची यादी ग्रामसभेसमोर ठेवावी.

या तिसऱ्या मागणीचे मोल मारुंजीसारख्या गावाला सर्वांत अधिक आहे. येथे औद्योगिक विकास महामंडळ, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या हद्दी एकमेकींना लागून आहेत. खड्डा कोणाचा, हे ठरेपर्यंत दुसरा पावसाळा येतो. त्या खड्ड्यातून जाणारा दुचाकीस्वार प्रत्येक लिटरामागे रस्ते उपकर भरतो. भरलेल्या पैशाचा रस्ता त्याला दाखविता आला, तर कर त्याला जड वाटेल, पण अन्यायाचा वाटणार नाही.