कॉइल बदलण्याआधी तिची जागा बदला

जुलैतल्या एका पावसाळी रात्री राजनोली नाक्यावरून भिवंडीत परतताना गाडी मिसिंग मारू लागली. इंजिन थरथरत होतं, पिकअप नव्हता, चेक इंजिनचा दिवा उघडझाप करत होता. गाडीत आई, मागे कंटेनरची रांग. जीव मुठीत धरून घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात सांगितलं, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल गेली. नवी बसवली. चार दिवसांनी पुन्हा झटके. आणखी एक नवी कॉइल घेतली, तीही व्यर्थ.

शेवटी एका वयस्कर वायरमनकडे गेलो. चाचा म्हणाले, "कॉइल बदलू नका, आधी तिची जागा बदला." इंजिन बंद करून त्यांनी पहिल्या आणि तिसऱ्या कॉइलची अदलाबदल केली. कॉइल खराब असती, तर दोष तिच्यासोबत पहिल्या सिलिंडरवर गेला असता. पण स्कॅनरवर कोड तोच आला : पी ०३०३, तिसऱ्याचं मिसिंग. प्लगही अदलूनबदलून पाहिले, तरी तेच.

मग त्यांनी तिसऱ्या कॉइलचा वायरिंग कपलर तपासला. मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवत होता, पण टेस्ट लॅम्प मिणमिणला. मल्टिमीटर नावापुरता करंट घेतो, म्हणून एका तंतूवर लटकलेली वायरही त्याला धड वाटते. बल्ब करंट मागतो, तिथे खोट उघडी पडते. कपलरच्या मागे बोटभर अंतरावर वायर आतून तुटली होती. नवी कॉइल लावताना वायर हलून तात्पुरती जुळायची, एवढंच.

म्हणून सांगतो :

दिवा उघडझाप करत असेल, तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

चालू इंजिनवर कॉइल उपसू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात.

टेस्ट लॅम्प फक्त १२ व्होल्टच्या पिनवर लावा. सिग्नलच्या वायरला लावलात, तर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, धोका.

कॉइल खरंच गेली असेल, तर प्लगही पाहा. झिजून गॅप वाढलेला प्लग नव्या कॉइललाही ताण देतो. सीएनजीवर हा ताण आणखी वाढतो.

आमच्या भिवंडीत माग थांबला, तर कारागीर आधी तुटलेला धागा शोधतो, बीम उतरवत नाही. गाडीपुढेही हाच धीर धरा.