आधी काच, मग किक

पोरी, रत्नागिरीची नोकरी घेतलीस, शनिवारी कोल्हापूर आणि सोमवारी परत रत्नागिरी असं ठरवलंस, तेही मोटारसायकलवर. मग मृग लागायच्या आधी एक काम कर. हेल्मेटची काच काढ, घरातल्या दिव्यासमोर धर आणि जरा तिरकी करून बघ. एरवी न दिसणारे बारीक ओरखडे तेव्हा दिसतील. तसे दिसले की ती काच पावसाळ्यापुरती बाद समज. कोरड्या दिवशी तिच्यातून सगळं नीट दिसतं, म्हणून माणसं तीच वापरत राहतात. पावसात, तिन्हीसांजेला, समोरून डंपरचा दिवा आला की एकेक ओरखडा तो उजेड फोडतो आणि डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा उभा राहतो. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं आहे ना, मग त्याच मॉडेलची नवी काच मिळते आणि हेल्मेटच्या मानाने ती फार स्वस्त पडते. बिनरंगी घे. काळसर किंवा आरशासारखी चमकणारी काच दुकानदार आग्रहाने दाखवेल, तिला हातही लावू नकोस. आषाढात आंबा घाटात वर दुपारी तीनलाही दिवे लावावे लागतात, तिथे काळी काच लावून जाणं म्हणजे मुद्दाम डोळे झाकून जाणं.

जनावरांचा डॉक्टर म्हणून शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर माझी सगळी नोकरी दुचाकीवर झाली. अडलेली म्हैस पाऊस उघडायची वाट बघत नाही. त्यामुळे पावसात गाडी काढूच नकोस, असं मी तुला सांगणार नाही. कामाला जाणाऱ्या माणसाला तो सल्ला उपयोगाचा नाही. मी सांगतो ते एवढंच की पावसात तुला किती दिसणार, ते बहुतेक आदल्या रात्री घरीच ठरतं. मलकापूर सोडल्यावर, हात भिजलेले आणि मागे ट्रक लागलेला असताना, करण्यासारखं फार थोडं उरतं.

काच धुण्यापासून सुरू कर. ती खरी काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचं मजबूत प्लॅस्टिक असतं. पेट्रोल, थिनर, खिडक्या पुसायचा अमोनियावाला फवारा, यातलं काहीही तिला लावायचं नाही. त्याने ती धुरकट होते, बारीक तडे जातात आणि ती कमजोर पडते. चिखल वाळलेला असताना कोरड्या फडक्याने घासायची नाही, कारण चिखलातली वाळूच ओरखडे पाडते. जुन्या मऊ सुती कपड्याचा तुकडा ओला करून काचेवर अंथर, दहा मिनिटं तसाच राहू दे, मग वाहत्या पाण्याखाली बोटांनी हलकेच धू. साबण लागला तर अंगाचा किंवा केसांचा सौम्य वापर. एसटीचे जुने चालक वायपर बिघडला की समोरच्या काचेवर तंबाखू नाहीतर कापलेला बटाटा चोळायचे, आणि थेंब न धरता पाणी खरंच पसरून जायचं. कुणी तुलाही तो उपाय सांगेल. तो बसच्या काचेसाठी ठीक होता, तुझ्या प्लॅस्टिकवर तंबाखूची काडी घासलीस तर ओरखडाच पडेल.

आता आतली वाफ. पावसात सगळ्यात जास्त छळते ती हीच. तुझा श्वास गरम आणि दमट, काच पावसाने गार पडलेली. श्वासातलं पाणी काचेवर बारीक थेंब होऊन बसतं आणि ते थेंब उजेड विखुरतात. म्हणून घरच्या घरी करण्यासारखे इलाज दोनच: श्वास काचेपर्यंत जाऊ द्यायचा नाही, नाहीतर पाण्याला थेंब धरू द्यायचा नाही.

दुसरा इलाज स्वयंपाकघरातच आहे. भांडी घासायचं लिक्विड किंवा लहान बाळाचा शाम्पू, एकच थेंब, बोटावर घे. धुऊन वाळवलेल्या काचेच्या आतल्या बाजूला सगळीकडे पातळ फिरव. काच धूसर दिसायला लागेल, दिसू दे. पूर्ण वाळली की कोरड्या मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसत जा, धूसरपणा जाईपर्यंत. मग पाण्याने धुवायची नाही. डोळ्यांना न दिसणारा साबणाचा थर मागे राहतो, त्यावर वाफ बसली तरी तिचा एकसंध पातळ पापुद्रा होतो आणि आरपार दिसत राहतं. हा थर दिवसभर टिकला तरी खूप. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचा. थेंबाच्या जागी चमचाभर लावलास तर पाणी आत शिरल्यावर साबण डोळ्यांत उतरेल, आणि घाटाच्या वळणावर डोळा चुरचुरला तर वाफ परवडली असं होईल. काच विकतानाच तिच्यावर आतून वाफरोधक थर दिलेला असेल, तर मात्र साबण लावू नकोस, तो थर उतरतो.

पैसे खर्चायची तयारी असेल तर पिनलॉक घे. काचेच्या आत दुसरी पातळ काच बसते, कडेला सिलिकॉनची पट्टी असते आणि दोन्हींच्या मध्ये हवा कोंडलेली राहते. बाहेरची गार पडली तरी आतली पडत नाही. नेहमीच्या घाटवाल्यासाठी हा पैसा मी वाया गेलेला मानत नाही. तुझ्या काचेला पिनलॉकच्या दोन खुंट्या आहेत का ते आधी बघ, नसतील तर ते बसत नाही. ती आतली काच मऊ असते, तिला ओल्या कापडाशिवाय काही लावायचं नाही आणि साबण तर नाहीच.

श्वास अडवण्याचं काम नाकाजवळची पट्टी करते. हेल्मेटसोबत आली असेल आणि तू काढून कपाटात टाकली असशील तर शोधून लाव. हनुवटीपुढचं भोक उघडं ठेव. पाणी आत येईल म्हणून बहुतेक जण ते बंद करतात आणि मग वाफेने हैराण होतात. चार थेंब हनुवटीवर आले तर येऊ देत. तुम्ही पोरी नाकातोंडाभोवती ओढणी आवळून बांधता, ती पावसात सोड. भिजलेली ओढणी सगळा श्वास वर, थेट काचेकडे पाठवते. गळ्याभोवती गुंडाळ, नाकावर नको. आणि हेल्मेटचं अस्तर कोरडं पाहिजे. कालचं ओलं अस्तर म्हणजे डोक्याभोवती बांधलेलं पाणीच, ते तुझ्या अंगच्या उबेने दिवसभर वाफ सोडत राहतं. आल्या आल्या हेल्मेटमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंब, तासाभराने बदल, रात्रभर पंख्याखाली ठेव. चुलीपाशी, हीटरपाशी नको. अस्तर काढता येत असेल तर एक जादा घेऊन ठेव, कोकणात श्रावण संपेपर्यंत काहीही वाळत नाही.

तुला चष्मा आहे, म्हणजे तुझं दुखणं दुप्पट. चष्म्यालाही तोच साबणाचा थर दे, मात्र भिंगांवर महागडं कोटिंग असेल तर दुकानात विचारून घे. चष्मा नाकावर किंचित पुढे बसव, म्हणजे भिंगामागे हवा फिरते. सिग्नलला, फाटकावर, कामासाठी अडवलेल्या रस्त्यावर थांबलीस की लगेच काच वर कर. गाडी उभी असतानाच वाफ धरते. निघताना एक खटका उघडी ठेवून नीघ, वारा लागला की खाली घे.

बाहेरच्या बाजूचं काम सोपं आहे. गाड्यांना लावायचं साधं मेण मिळतं, घासून ओरखडे काढणारं पॉलिश नव्हे, नुसतं मेण. ते बाहेरून पातळ लावून पुसून काढ. पाण्याचे गोळे होतात आणि वेग थोडा वाढला की वाऱ्याने आपोआप पळतात. मान जरा डावीकडे, जरा उजवीकडे केलीस की वारा उरलेलं पाणी कडेला नेतो. मान इतकीच फिरव की डोळे रस्त्यावर राहतील. आरशांनाही तेच मेण लाव, मागचं दिसणंही दिसणंच आहे.

पुसायचं ते डाव्या हाताने. उजवा हात रेसवर आणि पुढच्या ब्रेकवर, तो तिथून हलवायचा नाही. हातमोज्याच्या कापडाने पाणी पुसलं जात नाही, नुसतं फासलं जातं, आणि चेनच्या तेलाचा डाग लागलेला असेल तर काच कायमची गेली. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा कापून डाव्या तर्जनीवर, हातमोज्याच्या वरून चढवत असे. ट्यूबच्या आतली शंखजिऱ्याची भुकटी आधी धुऊन काढायची, कड कात्रीने एका सरळ रेषेत कापायची. ती कड काचेवर टेकवून एकदाच, एका बाजूकडून दुसरीकडे ओढायची. मोटारीच्या वायपरसारखी स्वच्छ पट्टी निघते. आता काही हातमोज्यांना बोटावर अशी रबराची पट्टी शिवूनच येते, ते मिळाले तर उत्तमच. वळणावर, गिअर टाकताना किंवा खड्डा समोर असताना पुसायचं नाही. सरळ रस्ता बघून पुसायचं.

आंबा गाव आलं की पावसाचा प्रकार बदलतो, हे लक्षात ठेव. समुद्रावरचा दमट वारा सह्याद्री चढताना गार होतो आणि ढग रस्त्यावर टेकतात. ढगाचं पाणी थेंब होऊन ओघळत नाही, काचेवर पीठ पेरल्यासारखं बसतं. वाऱ्याने ते हलत नाही, मेणानेही फारसं नाही. तिथे दर थोड्या वेळाने रबराची कड फिरवावी लागते. बाहेरून धूसर झालंय की आतून, हे आधी ओळखायला शीक. बोट बाहेरून फिरवल्यावर साफ झालं तर ढग, नाही झालं तर तुझाच श्वास. पुष्कळ माणसं बाहेरून पुसत राहतात आणि वाफ आतून चढत जाते.

महामार्गाच्या कामाच्या पट्ट्यात दुसरी भीती. ट्रकच्या मागच्या चाकांतून लाल माती कालवलेलं पाणी उडतं. ट्रकच्या मागे चिकटून राहिलीस तर तो चिखल सतत काचेवर येणार, आणि तो पुसायला गेलीस की वाळूने काच घासली जाणार. त्या फवाऱ्यातून पूर्ण बाहेर पडण्याएवढं अंतर सोड. काच चिखलाने भरलीच तर चालत्या गाडीवर पुसू नकोस. बाजूला घे, बाटलीतलं पाणी ओत, मग पूस. छातीच्या खिशात झिपच्या पिशवीत एक कोरडं मऊ फडकं आणि लिक्विडची छोटी बाटली कायम असू दे. बॅगेत नको, पावसात बॅग कुणी उघडत नाही.

हिशोब एवढाच ध्यानात ठेव. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दोन सेकंद काही दिसलं नाही तर ३३ मीटर रस्ता तू न बघता ओलांडलास. ताशी ४० ला तेच २२ मीटर. त्यात ओल्या डांबरावर ब्रेक उशिरा लागतो. म्हणून जितकं पुढचं दिसतं तितक्यातच गाडी थांबली पाहिजे, असा वेग ठेव. ढगात वीस पावलं दिसत असतील तर सायकलच्या वेगाने चाल. मागचा हॉर्न वाजवेल, त्याला वाजवू दे. जागा मिळाली की त्याला पुढे सोड.

ढगात पुढच्या दिव्याचा झोत वर टाकू नकोस, तो उजेड ढगावर आपटून तुझ्याच डोळ्यांत येतो. लो बीमवरच राहा. समोरून दिवे आले की त्यांच्याकडे बघू नकोस, नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ने. तू दिसणंही तितकंच गरजेचं आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना जळतच राहतो, पण मागचा दिवा चिखलाने झाकला तर त्याचा उपयोग काय? दर थांब्यावर मागचा दिवा आणि नंबरप्लेट पूस. रेनकोट काळा, करडा घेऊ नकोस. पिवळा किंवा नारिंगी घे, पाठीवर चमकणारी पट्टी असलेला. त्याची टोपी हेल्मेटवरून ओढायची नाही, बाजूचं दिसेनासं होतं. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावून ठेवू नकोस, वळताना मागच्याला काही कळत नाही.

अंधार पडल्यावर आंबा घाट उतरायचा नाही, चढायचाही नाही. इथे तुझं काही ऐकून घेणार नाही. शनिवारी ऑफिस उशिरा सुटलं तर रत्नागिरीतच राहा, रविवारी पहाटे नीघ. पावसाने गाठलं तर थांबायची ठिकाणं आधीच ठरवून ठेव: पाली, साखरपा, वर आंबा, मग मलकापूर, बांबवडे. पेट्रोल पंप, हॉटेल, एसटीचा थांबा, जिथे गाडी रस्त्यावरून पूर्ण उतरवता येईल तिथेच. पुलाखाली, वळणावर, रस्त्याच्या कडेला माणसांचा घोळका उभा असतो त्यात उभी राहू नकोस. वर छप्पर असतं, पण मागून येणाऱ्या ट्रकलाही नीट दिसत नसतं. विजा होत असताना झाडाखाली नको, आणि घाटात डोंगराच्या कुशीला तर मुळीच नको. तिथला आडोसा बरा वाटतो, पण दरड त्याच बाजूने येते.

थांबलीस की आधी घरी फोन कर, मग चहा. हेल्मेट उलटं ठेवू नकोस, पाऊस आत पडतो. काच आतून पूस, साबणाचा थर गेला असेल तर झिपच्या पिशवीत लिक्विडची छोटी बाटली असतेच, पुन्हा एक थेंब लाव आणि वाळेपर्यंत बस. पाऊस कमी झाला म्हणून लगेच निघायचं नाही. आधी काच दिव्यासमोर धरून बघ. आरपार दिसलं तर किक मार.