अक्षरांचे गणित आणि झोतभट्टी

माझे घर दुर्गला आहे. भिलाईचा पोलाद कारखाना आमच्या शेजारीच. तिथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तिला लागणारे धातुक दल्ली-राजहराच्या खाणींतून येते. सुट्टीत मी मॅक्सिमा हे मोफत सॉफ्टवेअर शिकलो. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये त्याचा उपयोग कसा होतो, ते झोतभट्टीच्याच उदाहरणाने सांगतो.

साधा कॅल्क्युलेटर आकडे घेतो आणि आकडा देतो. मॅक्सिमा अक्षरांवर काम करते. समीकरण दिले की हवे ते अक्षर वेगळे काढून सूत्र देते. याला संगणकीय बीजगणित म्हणतात.

भट्टीत कार्बन मोनॉक्साइड धातुकातला ऑक्सिजन काढून घेतो. शेवटच्या पायरीत फेरस ऑक्साइडच्या एका रेणूला कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू लागतो आणि लोखंड व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. वहीत समीकरण असेच संतुलित होते. पण ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. ठरावीक तापमानाला कार्बन डायऑक्साइडचे कार्बन मोनॉक्साइडशी गुणोत्तर एका मर्यादेपुढे जात नाही. त्या मर्यादेला ‘स’ म्हणू. ‘न’ रेणू आत सोडले, १ वापरला गेला, न − १ उरले. म्हणून,

स = १ ÷ (न − १)

‘सॉल्व्ह’ ही आज्ञा देऊन ‘न’ विचारला की मॅक्सिमा सांगते,

न = (स + १) ÷ स

समजा स = ०.५. मग न = ३. म्हणजे एकाच्या कामासाठी तीन रेणू सोडावे लागतात आणि दोन तसेच उरतात.

आता या सूत्रात काय नाही ते पाहा. त्यात भट्टीची उंची नाही! एकोणिसाव्या शतकात हा वायू वाया जाऊ नये म्हणून इंग्लंडमध्ये ३० मीटरपर्यंत उंच भट्ट्या बांधल्या गेल्या. तरी बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण घटले नाही. समतोलाचे नियम ठाऊक असते तर हा खर्च वाचला असता, असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी दाखवून दिले. नुसत्या ३ या आकड्यावरून हे कळत नाही, सूत्रावरून कळते.

खऱ्या भट्टीत वरच्या थरांतले धातुक उरलेल्या वायूचा आणखी काही भाग वापरते. तरीही जो बाहेर येतो, तो कारखान्यात इंधन म्हणून जाळतात.

हे उदाहरण हातानेही सुटते. यंत्राचे उत्तर पडताळता यावे म्हणूनच ते निवडले. इंजिनिअरच्या हिशेबात ओलावा, राख, तापमान अशी अनेक अक्षरे एकत्र येतात, तिथे मॅक्सिमा तासांचे काम वाचवते. मात्र तिला रसायनशास्त्र येत नाही. समीकरण चुकीचे मांडले, तर तेही ती इमानाने सोडवते. मांडणी आपणच करायची असते.

सरावासाठी स = ०.२५ घ्या. आधी वहीत सोडवा, मग संगणकावर. दोन्हीकडे ५ आले पाहिजेत.