गालील सरोवराच्या कांठचीं जाळीं

(शास्त्रपाठ : मत्तय ४:१८–२२, १३:४७–५०, १७:२७, गलतीकरांस ६:१)

ज्यास आपण गालील समुद्र म्हणतों, तो वस्तुतः समुद्र नव्हे. तें गोड्या पाण्याचें सरोवर आहे. इब्री भाषेंत समुद्र व मोठें सरोवर या दोहोंस एकच शब्द असल्यामुळें हें नांव रूढ झालें. परंतु लूक आपल्या शुभवर्तमानांत त्यास सरोवरच म्हणतो. त्याची लांबी सुमारें २१ किलोमीटर व रुंदी फार तर १३ किलोमीटर आहे. यार्देन नदी उत्तरेकडून त्यांत येते आणि दक्षिणेकडून बाहेर पडते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण तळ्याच्या, नदीच्या किंवा धरणाच्या पाण्याजवळ राहणारे आहेत. भोई लोक जाळें टाकितांना त्यांनीं लहानपणापासून पाहिलें आहे. म्हणून त्या सरोवराच्या कांठावरून मासे धरण्याच्या तीन रीती आज आपण नीट पाहूं. त्या समजल्या म्हणजे प्रभूचा एक दृष्टांत अधिक उघड होतो.

पहिली रीत गळाची. शुभवर्तमानांत गळाचा उल्लेख एकदांच येतो. मंदिराची पट्टी भरावयाची होती, तेव्हां प्रभूनें पेत्रास सरोवराकडे जाऊन गळ टाकावयास सांगितलें. गळास एका वेळीं एकच मासा लागतो, आणि तोहि आमिष खाणारा असावा लागतो. या सरोवरांतील प्रसिद्ध मासा मुश्त हा होय. उजनीच्या जलाशयांत ज्यास चिलापी म्हणतात, त्याच्याच कुळांतील हा आहे. यात्रेकरूंस तोच 'पेत्राचा मासा' म्हणून वाढण्यांत येतो. परंतु मुश्त पाण्यांतील सूक्ष्म जीवांवर जगतो व गळास सहसा लागत नाहीं. या सरोवरावर अनेक वर्षें मासेमारी केलेले अभ्यासक मेंडेल नून यांचें मत असें होतें कीं, पेत्राच्या गळास लागलेला मासा मिशा असलेला बिनी असावा.

दुसरी रीत फेकजाळ्याची. यासच कोंकणांत पाग म्हणतात. हें जाळें वाटोळें असून त्याच्या कडेस शिशाचे मणी ओंवलेले असतात. एकटा मनुष्य कांठावर किंवा कमरेइतक्या पाण्यांत उभा राहून तें अशा बेतानें फेंकतो कीं, तें छत्रीसारखें उघडून पाण्यावर पडतें व वजनानें माशांसह तळाशीं बसतें. मग तो बुडी मारून कडा गोळा करितो. पेत्र व अंद्रिया यांस पाचारण झालें तेव्हां त्यांच्या हातीं हेंच जाळें होतें. सरोवराच्या वायव्य कांठीं ताबघा नांवाचें स्थळ आहे. तेथें उष्ण पाण्याचे झरे सरोवरास मिळतात. मुश्त हा उष्ण प्रदेशांतला मासा असल्यामुळें हिंवाळ्यांत त्याच्या झुंडी ऊब शोधीत तेथें जमतात. म्हणून कोळी लोक फार प्राचीन काळापासून तो कांठ जाणून आहेत.

तिसरी रीत ओढजाळ्याची. कोंकणच्या किनाऱ्यावर रापण ओढितांना ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें जाळें निराळें समजावून सांगणें नको. याची लांबी सुमारें २५० ते ३०० मीटर असे. खालच्या दोरीस वजनें व वरच्या दोरीस तरंगणारीं बुचें लाविलेलीं असत, त्यामुळें तें पाण्यांत भिंतीसारखें उभें राही. दोरीचें एक टोंक कांठावरील माणसें धरून ठेवीत. होडी जाळें सोडीत सोडीत वळसा घेई आणि दुसरें टोंक कांठावर आणून देई. मग दोन्ही बाजूंचीं माणसें एका तालानें जाळें कांठाकडे ओढीत. हें काम एकट्याचें नव्हे. पुष्कळ हात एकत्र लागले तरच तें साधतें.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायांतील दृष्टांत या जाळ्याचा आहे. हें जाळें निवड करीत नाहीं. त्यांत मुश्त येतो, बिनी येतो, आणि आपल्याकडील मांगूर माशासारखा एक बिनखवल्यांचा मासाहि येतो. पंख व खवले नसलेला जलचर मोशेच्या नियमशास्त्रानें (लेवीय ११:९–१२) निषिद्ध असल्यामुळें यहूदी कोळ्यास तो टाकून द्यावाच लागे. म्हणून कांठावर बसून निवड होत असे. परंतु ती केव्हां होई, हें ध्यानांत ठेवा. जाळें पाण्यांत असतां आंत काय आहे हें कोणासहि दिसत नाहीं. शिवाय ओढितांना एकानें जरी आपली दोरी ढिली सोडिली, तरी खालची कड तळापासून उचलली जाते, आणि मासे तिच्याखालून निसटतात. त्यांत चांगले वाईट असा भेद राहत नाहीं. म्हणून आधीं ओढणें, मग निवडणें, हा कोळ्यांचा नियम. आणि शेवटच्या निवडीचें काम प्रभूनें ओढणाऱ्यांकडे दिलेंच नाहीं. तें युगाच्या अंतीं देवदूतांचें आहे, असें त्यानें स्वतः सांगितलें.

येथें आम्ही आमची एक चूक लज्जेनें कबूल करितों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे असलेल्या एका मंडळींतील एका मनुष्यास दारूचें व्यसन पुन्हां लागलें. पंचांची सभा भरली, आणि एका तासांत त्याचें नांव वहींतून कमी करण्यांत आलें. ठराव आम्हींच लिहिला. त्यापूर्वीं आपण त्याच्या घरीं किती वेळां गेलों, हें सभेंत कोणीं विचारिलें नाहीं. विचारिलें असतें, तर 'एकदांहि नाहीं' हें उत्तर द्यावें लागलें असतें. पुढच्या रविवारीं त्याची बायको व दोन मुलेंहि उपासनेस आलीं नाहींत. एकास बाहेर टाकावें म्हणून आम्हीं दोरी सोडिली, आणि चौघें गेलीं. दीड वर्षानें तो आजारी पडला तेव्हां आम्ही भेटीस गेलों. त्यानें घोंगडी अंथरली, चहा करविला, आणि इतकेंच म्हटलें, "पाळकसाहेब, तुमचे पाय या घराला आधीं लागायला पाहिजे होते." आतां त्याचीं मुलें रविवारच्या शाळेंत येतात. तो मात्र अद्यापि येत नाहीं.

तर मग मंडळींत शिस्त नसावी काय? असावी, परंतु ती कोणत्या प्रकारची, हेंहि कोळ्यांपासून शिकावें. त्या काळचीं जाळीं तागाच्या सुताचीं असत. तीं रोज धुऊन वाळविलीं नाहींत तर कुजत, आणि खडकांवर घासून त्यांस भोंकें पडत. याकोब व योहान यांस प्रभूनें बोलाविलें तेव्हां ते आपलीं जाळीं नीट करीत होते. तेथें मूळ ग्रीक भाषेंत जें क्रियापद आहे, तेंच पौल गलतीकरांस लिहितांना योजितो. अपराधांत सांपडलेल्या भावाशीं कसें वागावें, हें तेथें तो सांगत आहे. म्हणजे अशा भावास सौम्यतेनें नीट करावयाचें, जसें कोळी फाटलेलें जाळें नीट करितो. सन १९८६ मध्यें अवर्षणामुळें सरोवराचें पाणी ओसरलें असतां गिनोसर गांवाजवळ चिखलांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची एक होडी सांपडली. तींत १२ प्रकारचें लाकूड वापरलेलें आढळलें. जेथें फळी गेली तेथें मिळेल त्या लाकडाचा तुकडा बसवून मालकांनीं ती चालविली होती. फाटलें म्हणून जाळें टाकून देणारा किंवा फळी गेली म्हणून होडी मोडणारा कोळी फार दिवस पोट भरूं शकत नाहीं.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्या लहान आहेत, आणि लहान गांवांत एकमेकांचे दोष लवकर दिसतात. आपल्या वहींत असें एखादें नांव असेल, ज्यापुढें वर्षानुवर्षें 'गैरहजर' एवढेंच लिहिलें जातें. येत्या सभेपूर्वीं पंचांपैकीं दोघांनीं त्या घरीं जावें. तेथें उपदेश करूं नये. बसावें, विचारपूस करावी, त्यांचें ऐकून घ्यावें, आणि त्यांची इच्छा असल्यास प्रार्थना करावी. मग पुन्हां जावें. ओढणें व नीट करणें हें काम आपणांस दिलेलें आहे. तें पुरें झाल्यावांचून निवडावयास बसूं नये.

विचारार्थ प्रश्न

१. गळ, फेकजाळें व ओढजाळें यांत काय भेद आहे? प्रभूनें दृष्टांतासाठीं ओढजाळेंच कां घेतलें असावें?

२. ओढितांना एकानें दोरी सोडिली तर काय होतें? आपल्या मंडळींत असें कधीं झालें आहे काय?

३. या आठवड्यांत कोणाच्या घरीं जाणें आपणाकडून राहून गेलें आहे?